विषय: माक्याच्या (भृंगराजाच्या) तेलासाठी गडद काचेच्या बाटल्या

ताई, घरच्या माक्याच्या तेलासाठी गडद बाटल्या स्वस्तात कुठे मिळतील असं विचारलंत. ऑनलाइन बाटल्या तेलापेक्षा महाग पडतात म्हणालात, ते अगदी खरं आहे. ठाण्यात असाल तर आधी होमिओपॅथी औषधांच्या दुकानात विचारा. तपकिरी काचेच्या ३० आणि १०० मिलीच्या रिकाम्या बाटल्या त्यांच्याकडे बरेचदा असतात. जास्त हव्या असतील तर मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट गाठा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत घाऊक भाव मिळतो. दोघी-तिघींनी मिळून घेतल्या तर फारच परवडतं.

वरच्या एका प्रतिसादात कोणीतरी निळ्या बाटल्या सुचवल्या आहेत. दिसतात सुंदर, पण तेलाला खवट करणारा निळा-जांभळा प्रकाश त्यांतून बराचसा आत जातो. तपकिरी काच साधारण ४५० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश बराच अडवते, म्हणून औषधं त्यात भरतात. तेव्हा तपकिरीच घ्या.

ड्रॉपरवाली मात्र नको. तेलाने, त्यातही निलगिरी-रोझमेरीसारखं सुगंधी तेल घातलं असेल तर, रबर फुगतं आणि चिकट होतं. साधं फिरकीचं झाकण उत्तम.

भंगारवाल्याकडच्या बाटल्या खूप स्वस्त, पण आत आधी काय होतं ते कळत नाही. कीटकनाशकाची किंवा रसायनाची शंका जरी आली तरी घेऊ नका. घरातल्याच कफ सिरपच्या काचेच्या बाटल्या बिनधास्त वापरा: गार पाण्यात ठेवून मग पाणी तापवा, दहा मिनिटं उकळा, उपड्या घालून पूर्ण कोरड्या करा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत मी तर त्या रात्रभर तशाच ठेवते. पाण्याचा थेंब राहिला तर माक्याचं तेल हमखास बिघडतं.