मदत हवी आहे: कामावर असताना मृत्यू झालेल्या भावाच्या भरपाईचा दावा कुठे करायचा?

माझा मावसभाऊ मे 2024 मध्ये रायगडच्या किनाऱ्याजवळच्या एका मनोरंजन उद्यानात कामावर असताना गेला. बंद आकाशपाळण्याला वंगण घालत होता आणि कुणीतरी पाळणा सुरू केला. वय 22. गुणी पोरगा होता, घर त्याच्यावरच चालायचं. मावशी विधवा आहे, सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ एकटी राहते. अजून रात्री त्याच्या वाटेकडे बघत बसते.

तो ठेकेदाराकडून लागला होता. पगार 12,000 रोख. पीएफ नाही, ईएसआयसी (कामगार विमा) नाही, नेमणूकपत्र नाही. उद्यानवाले म्हणतात, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार थोडे पैसे देऊन स्टॅम्प पेपरवर सही मागतोय. सही आम्ही दिलेली नाही, देणारही नाही. एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती हातात आहेत.

तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक 221.37, म्हणजे 13,28,220 रुपये होतात. त्याच्या कलम 12 नुसार ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही, म्हणजे इथे उद्यानवाल्यांवर, येते, असं वाचलं. दाव्याची मुदत दोन वर्षांची, म्हणून घाई आहे.

मावशीला गुडघ्यांमुळे अलिबागला, म्हणजे रायगडच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, खेपा जमणार नाहीत. दावेदार राहतो तिथेही अर्ज चालतो ना? मग सिंधुदुर्गात तो नेमका कोणत्या न्यायालयात द्यायचा? आणि रोख पगार सिद्ध करायला सोबतच्या कामगारांची साक्ष, ठेकेदाराचे व्हॉट्सॅप मेसेज आणि गणवेशातले फोटो एवढं कुणाच्या प्रकरणात पुरलं आहे का?