आल्याचा कोंब वर येऊन अडकलाय, उकरून बघू का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. घरातल्या आल्याला डोळे फुटलेले दिसले म्हणून त्याचे तुकडे केले, प्रत्येकाला एक-दोन डोळे राहतील असे, कापलेली बाजू सुकू दिली आणि मग पसरट कुंडीत लावले. कुंडीला खाली भोकं आहेत. माती, कोकोपीट आणि गांडूळखत असं मिक्स आहे, तुकडे साधारण दोन इंच खाली, डोळे वर. एकाचं रोप मस्त आलंय, पानं उलगडतायत. दुसऱ्याचा कोंब नखाएवढा वर आला आणि तिथेच थांबला, टोक तपकिरी पडलंय. तिसऱ्याचा पत्ताच नाही.

माती जराशी बाजूला करून दाबून बघितलं तर दुसऱ्या तुकड्याची एक बाजू मऊ लागते, साल बोटाबरोबर सरकते, दुसरी बाजू मात्र टणक आहे. आता हा काढू की ठेवू? आणि पाण्याचं नक्की काय, कोणी म्हणतं माती ओलसरच हवी, कोणी म्हणतं कोंब येईपर्यंत पाणी बंद. व्हिडिओ बघून डोकं भंजाळलंय, तिथे सगळ्यांचं आलं पाच मिनिटांत बादलीभर निघतं.

प्रतिसाद: काढा, बिनधास्त काढा. वास घेऊन बघा, घाण वास आला तर कंदकुज. पाणी साचलं की ही लागते आणि मातीतून शेजारच्या तुकड्यालाही जाते. मऊ भाग कापून टाका, आतून स्वच्छ पिवळसर दिसेपर्यंत कापत जा, सुरी दर वेळी पुसा. उरलेल्या भागावर एखादा डोळा असेल तरच सावलीत एक-दोन दिवस सुकवून नव्या मातीत लावा. जुन्या मातीत परत नको. तिसरा टणक असेल तर त्याला हात लावू नका, हवा गार असली की आलं ढिम्म हलत नाही, २५ ते ३० डिग्रीत बरं फुटतं, तरीही काही आठवडे जातातच.

प्रतिसाद: कोकोपीट किती घातलंय? ते पाणी धरून ठेवतं, वरून कोरडं दिसतं आणि खाली चिखल. थोडी जाड वाळू मिसळा. पानं नसताना तुकडा पाणी पितोच किती! बोट खुपसून बघायचं, आत ओल असेल तर पाणी नाही. पानं वाढली की मग जास्त लागेल. सकाळचं कोवळं ऊन पुरे, दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात. आणि कंद उघडे दिसायला लागले की मातीची भर द्या.

धागाकर्ती: उकरला. वास येतोय, ईईई. अर्धा गेला, पण उरलेल्यावर एक डोळा आहे, सुकत ठेवलाय. चांगलं रोप त्याच कुंडीत आहे, ते हलवू का?

प्रतिसाद: नको, मुळं दुखावतील. कुजलेल्याच्या भोवतीची माती तेवढी काढून टाका आणि पाणी कमी करा. खोडाचा बुंधा पाणचट झाला, हलकं ओढलं की रोप हातात आलं, तर तेही गेलं समजा. मात्र ८-१० महिन्यांनी पानं पिवळी पडून झोपली तर घाबरून परत धागा काढू नका, तेव्हा आलं काढायचं असतं :)