पेंग्विनांचा माहितीपट थिएटरात: सहा वर्षांची लेक आणि सासूबाई, दोघींना न्यावं का?

डिचोलीची सून

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सकाळी पणजीत मुलांसाठी म्हणून 'मार्च ऑफ द पेंग्विन्स' मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. २००५चा फ्रेंच माहितीपट, ऑस्कर मिळालेला. दाखवणार ती इंग्रजी निवेदनाची प्रत. शेजारणीने आमचीही तिकिटं काढून ठेवली आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत.

लेक पहिलीत, मराठी शाळेत. प्राण्यांची भयंकर हौस, पण मन इतकं हळवं की पावसाळ्यात मांजरीचं एक पिल्लू गेलं तर ताट तसंच ठेवून झोपली. या सिनेमात पिल्लं मरतात असं ऐकलंय. नवरा म्हणतो, "पैसे देऊन रडायला कशाला न्यायचं? मोबाइलवर दाखव, नको तिथे पुढे सरकव."

आणि सासूबाईंनाही यायचंय. त्या मूळच्या पेडण्याच्या, शिक्षण मराठी चौथीपर्यंत, इंग्रजी अजिबात नाही. थिएटरात शेवटच्या कधी गेल्या ते त्यांनाच आठवत नाही. "पाखरांचा सिनेमा ना, मग त्यात न समजण्यासारखं काय आहे?" असं त्यांचं म्हणणं. पण दीड तास अंधारात बसून कंटाळल्या तर कदंबाच्या बसमधून परत येताना मला ऐकून घ्यावं लागेल!

तर मरणाचे प्रसंग किती आहेत नि कुठे येतात, हे कोणी सांगेल का? आणि मी दोघींच्या मध्ये बसून सगळं मराठीत सांगत राहू का?

म्हापशाचो बाबू

एवढ्याशा मुलीला थिएटर म्हणजे अर्धा वेळ पॉपकॉर्न आणि अर्धा वेळ शू. घरी टीव्हीवर बघा. नवऱ्याचं ऐका कधीतरी 🙂

वाळपईचे मास्तर

बाय, ने. दोघींनाही ने.

मी सत्तरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो, आता निवृत्त. हा माहितीपट शाळेत पांढरी चादर ताणून प्रोजेक्टरवर दाखवलाय, त्यामुळे पोरं कुठे गप्प होतात आणि कुठे चुळबुळतात ते मला तोंडपाठ आहे.

आधी मरणाचं सांगतो, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय. अंडं आईच्या पायांवरून बापाच्या पायांवर द्यायचं असतं. ते देताना एका जोडीचं बर्फावर निसटतं आणि थंडीने तडकतं. मग समुद्रात जेवायला गेलेल्या माद्यांपैकी एकीला पाण्याखाली लेपर्ड सील धरतो. पुढे वादळात काही पिल्लं गारठून मरतात आणि पिल्लू गेलेली एक आई दुसरीचं पिल्लू ओढून न्यायला बघते. त्यानंतर एक मोठा समुद्रपक्षी पिल्लांच्या घोळक्यावर उतरतो. रक्तबंबाळ असं काही दाखवलेलं नाही. पोरांना सगळ्यांत जड जातं ते पिल्लू पळवण्याचं. सील दुष्ट, पक्षी दुष्ट, हे त्यांना पटतं. इथे चोरटी बाई आईच निघते, मग राग काढायचा कोणावर?

अशा वेळी लेकीच्या डोळ्यांवर हात ठेवू नकोस. डोळे झाकले तरी आवाज येतच राहतो आणि पोर मनातल्या मनात पडद्याहून भयंकर चित्र काढतं. हात हातात घे, पुरे.

त्यापेक्षा शनिवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या गोष्ट सांगून टाक, मरणासकट. मी अशी सांगायचो: आपल्याकडे मिरग लागायच्या सुमाराला तिकडे अंटार्क्टिकात कडाक्याचा हिवाळा असतो. तेव्हा एम्परर पेंग्विनची आई एकच अंडं घालते. घरटं नाही, काडी नाही, दगड नाही, नुसता बर्फ. म्हणून अंडं बापाच्या पायांवर, त्यावर पोटाच्या कातडीची घडी. आई समुद्राकडे चालत जाते. बाप दोन महिन्यांहून जास्त काळ अंडं सांभाळत उभा राहतो. समुद्र सोडून आल्यापासून धरलं तर त्याचा उपास जवळजवळ चार महिन्यांचा होतो, अंगातलं चाळीसेक टक्के वजन उतरतं. वारा सुटला की सगळे बाप एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि कडेचे हळूहळू आत, आतले बाहेर, असे सरकत राहतात. श्रावणाच्या सुमाराला पिल्लू बाहेर येतं. आई अजून पोचली नसेल तर तो उपाशी बाप गळ्यातून दह्यासारखा पांढरा घास काढून पिल्लाला भरवतो. इथे हटकून कोणीतरी विचारायचं, "मास्तर, मग तो घास त्याने स्वतःच का नाही खाल्ला?" उत्तर तयार ठेव.

उंचीही सांग. मोठा एम्परर १२० सेंटिमीटरपर्यंत भरतो, म्हणजे जवळपास तुझ्या लेकीएवढा. हे ऐकल्यावर पोरं पडद्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आता सासूबाई. पेडण्याच्या म्हणजे दशावतार बघत वाढलेल्या. रात्रभर दशावतारी काला बघणाऱ्या बाईला दीड तासाची काय मातब्बरी! (तिथेही संकासुर राक्षस आला की पोरं आईच्या पदराआड जातात आणि पुढच्या जत्रेला पहिल्या रांगेसाठी भांडतात. तुझ्या नवऱ्याला हे सांग.) त्यांना फक्त एवढं सांगून ठेव की हा आपल्या धनेश पक्ष्याचा उलटा संसार आहे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, चिखल आणि विष्ठेने तोंड लिंपते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर बाहेरून उंबराची, वडाची फळं आणून भरवत राहतो. तिकडे बाप अडकलेला आणि आई बाहेर. एवढ्यावर बाकीचं त्या स्वतः लावून घेतील, तुझ्याहून चांगलं.

मध्ये बसून भाषांतर मात्र करू नकोस. तुलाही बघायला मिळणार नाही आणि पुढचा माणूस मागे वळून बघेल.

आणि मोबाइलवर पुढे सरकवायचं म्हणशील, तर या गोष्टीत पुढे सरकवण्याजोगा भाग म्हणजे बापाचं उभं राहणं. तोच काढला तर उरलं काय? जरा कंटाळा येईल इतका वेळ तो उभा दिसायला हवा. घरी ते होत नाही, हातात रिमोट असतो.

डिचोलीची सून

मास्तर, तुमच्यापुढे हात जोडले. नवऱ्याला वाचून दाखवलं, संकासुराच्या जागी तो हसला म्हणजे अर्धं काम झालं. लेकीचा आत्ताच प्रश्न: तिथे अस्वलं असतात का, आणि ते गाव गोव्यापासून किती लांब?

सड्यावरचो

अस्वलं नाहीत. पांढरी अस्वलं उत्तर ध्रुवाकडे, पेंग्विन दक्षिणेकडे, दोघांची गाठ पडत नाही. चित्रांच्या पुस्तकांनी घातलेला घोळ आहे हा.

लांबीचं म्हणाल तर अंटार्क्टिकाची वाट आमच्या वास्कोवरून जाते. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ला मुरगाव बंदरातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ला बर्फावर उतरली. आजही या मोहिमांचं सगळं काम वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतं. तिकडे आपली दोन ठाणी आहेत, १९८९चं मैत्री आणि २०१२चं भारती. मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, उन्हाळी मोहिमेबरोबर गेलो होतो. मैत्री किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, तिथे पेंग्विन सहसा दिसत नाहीत. मला दिसले ते भारतीच्या बाजूला, आणि तेही छोटे अॅडेली जातीचे. सिनेमातले एम्पररच, पण ते चित्रीकरण फ्रेंचांच्या द्युमाँ द्युरव्हिल ठाण्याजवळचं, आपल्या ठाण्यांपासून पुष्कळ दूर.

एक गोष्ट कॅमेरा दाखवू शकत नाही, ती म्हणजे वास. वारा तुमच्या बाजूला असला तर वसाहत दिसण्याआधी नाकाला कळते. सुक्या बांगड्यांचं गोदाम पावसाळ्यात उघडलं तर जे होईल ते. पेंग्विनांच्या जवळ जायला बंदी असते, किमान पाच मीटर लांब राहायचं. पण त्यांना कोणी नियम सांगितलेला नसतो. तुम्ही उभे राहिलात की तेच चालत येतात, मान वाकडी करून बुटांकडे बघतात आणि काही विशेष नाही असं ठरवून निघून जातात.

मास्तरांचं सगळं पटलं, पण संसाराबद्दल एक पुस्ती. सिनेमा प्रेमकथा असल्यासारखा सांगितलाय. फ्रेंच मूळ प्रतीत तर पेंग्विन चक्क माणसांच्या आवाजात बोलतात, इंग्रजीत ते काढून मॉर्गन फ्रीमनचं निवेदन घातलंय. खरं म्हणजे एम्परर एका हंगामापुरतेच एकनिष्ठ असतात. पुढच्या वर्षी बहुतेक जोड्या बदलतात. सासूबाईंना हे सिनेमा संपल्यावर सांगा.

पर्वरीचा आवाजवाला

मी सिनेमाच्या आवाजाचं काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो. थिएटरातच बघा असं माझंही मत, पण माझं कारण पडदा नाही.

एम्परर पेंग्विनला घरटं नसल्यामुळे पत्ता नसतो. हजारोंच्या गर्दीत आई परत येते तेव्हा नवऱ्याला शोधते ती आवाजावरून, आणि पिल्लूही आईबापांना आवाजावरूनच ओळखतं. त्यांच्या घशात एकाच वेळी दोन सूर निघतात. थोड्या वेगळ्या उंचीचे ते दोन सूर एकमेकांवर आदळून जी थरथर तयार होते, तीच प्रत्येकाची ओळख. मोबाइलच्या चण्याएवढ्या स्पीकरमधून सगळे पेंग्विन एकसारखे ओरडल्यासारखे वाटतात. थिएटरात लेकीला सांगा, माद्या परत येतात तिथे डोळे मिटून ऐक. सासूबाईंना तर तिथे निवेदनाची गरजच नाही.

मोठी मुलं बरोबर असतील तर गंमत म्हणून हेही सांगा की निसर्गपटांतला प्रत्येक आवाज जागेवरचा नसतो. लांबच्या लेन्सने टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज तिथल्या माइकात पकडला जात नाही, तो मागाहून स्टुडिओत करतात. बर्फावर चालण्याचा आवाज काढायची जुनी युक्ती म्हणजे कापडी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून ती दाबायची. घरी करून बघा, करकर अगदी बर्फासारखी येते. सहा वर्षांच्या मुलीला मात्र हे सिनेमा बघून झाल्यावरच सांगा, आधी नको.

म्हापशाचो बाबू

कॉर्नफ्लोअर दाबून बघितलं. बायकोने पिशवी काढून घेतली. आवाज खरंच येतो.

डिचोलीची सून

जाऊन आलो. पुढच्या खेळाला कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

सुरुवातीचा बर्फातून रांगेने चालण्याचा भाग लेकीला फार आवडला, पोटावर घसरत जाणारे बघून तर खुर्चीत मावेना. जोड्या जमण्याचा भाग तिला लांबला. बाबूंचं भाकीत खरं ठरलं: ऐन अंडं बापाकडे द्यायच्या वेळी शू आली. परत आलो तेव्हा अंडं पोटाखाली गेलेलं होतं. म्हणजे ज्या प्रसंगाची मी शनिवारी रात्री एवढी तयारी करून घेतली, तो बाईसाहेबांनी बघितलाच नाही.

समुद्रपक्षी आला तेव्हा तिने माझी बोटं घट्ट धरली, पण रडली नाही. गोष्ट माहीत असल्यामुळे "आता तो येणार" असं तिनेच मला आधी सांगितलं. मास्तर, पिल्लू पळवण्याचं तुम्ही म्हणालात तसंच झालं, फक्त लेकीचं नाही, सासूबाईंचं. "अगो, दुसरीचं घेऊन तुझं परत येणार आहे का?" एवढं मोठ्याने म्हणाल्या की पुढची रांग वळून बघायला लागली. मग मागून कोणीतरी आजीच म्हणाल्या, "तर काय!" पुढे त्या दोघींचं सिनेमाभर चालू होतं, एक आमच्या रांगेतून, एक मागच्या. निवेदनाची अडचण कोणालाच आली नाही. जोड्या बदलतात हे बसमध्ये सांगितलं, तर म्हणाल्या, चार महिने उपाशी उभं करून ठेवल्यावर कोण परत येईल!

लेकीच्या डोक्यात मात्र आता सडा म्हणजेच अंटार्क्टिका. बस वास्कोला जाते तर आपण का जात नाही, हा प्रश्न दिवसातून कितीदा तरी येतो. सड्यावरचे दादा, याला जबाबदार तुम्ही. लहान मुलांना तिथे काही बघू देतात का, ते सांगा.

एकच गोष्ट खटकली. दीड तासाच्या आतल्या सिनेमाला मध्यंतर कशाला? आणि तेही बापांच्या घोळक्यावर वादळ आलेलं असताना, कात्रीने कापल्यासारखं. दिवे लागले, समोसे आले, आणि सगळी पोरं जी उधळली ती परत जागेवर बसेपर्यंत अर्धं वादळ संपलं होतं. पुढच्या वेळी आयोजकांना आधीच सांगायचं म्हणते, आणखी कोणी बोलणार असेल तर मिळून बोलू. बाकी एसी कडक होता, म्हाताऱ्या माणसांसाठी शाल न्या आणि लहान मूल असेल तर कडेची खुर्ची धरा.