छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ: इथूनच जावं की पुणे-मुंबई गाठावी?

जालनेकर
गेल्या आठवड्यात आईला घेऊन चिकलठाण्याहून दिल्लीला गेलो. वय 74, गुडघ्यांनी दगा दिलेला. गाडी थेट दाराशी लागली, व्हीलचेअर लगेच आली. तपासणीतल्या ताईंनी फडक्यात बांधलेला धपाट्यांचा डबा उघडून पाहिला आणि फडक्याची गाठ जशीच्या तशी बांधून परत दिला. मुंबईच्या गर्दीत आईला हे झेपलंच नसतं. जालन्याहून तासाभराचा रस्ता, सिडको बसस्टँडपासून तर दहा-पंधरा मिनिटं. तरी हा मराठवाड्याचा विमानतळ सोडून आपले लोक पुण्याला का पळायलेत?

बीडचा प्रवासी
पळायलेत कारण तिकडं पर्याय आहेत. दिवाळीत माझं मुंबईचं संध्याकाळचं विमान रद्द झालं. कंपनीचं उत्तर एवढंच, उद्या या. सकाळी मुलाखत होती, रात्रभर टॅक्सीनं गेलो. पुण्यात एक विमान चुकलं तर दुसरं मिळतं. टर्मिनल छान आहे, पण मला टर्मिनलमध्ये राहायचं नाही, पोचायचंय.

शेंद्र्याहून
बीडकरांशी निम्मा सहमत. शेंद्रा आणि ऑरिक या औद्योगिक वसाहती याच जालना रस्त्यावर पुढे आहेत. आमच्याकडे येणारा पाहुणा सकाळी उतरून संध्याकाळी परत जाऊ शकला पाहिजे. वेळा जुळल्या नाहीत की तो थेट पुण्यातला पुरवठादार बघतो. वेरूळ 30 किलोमीटर, अजिंठा 100. दोन्ही लेणी 1983 पासून जागतिक वारसा यादीत. एवढं असून परदेशी पर्यटक मुंबईला उतरून रस्त्यानं येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. धावपट्टी वाढवा, मोठी विमानं येतील.

मुकुंदवाडीकर
धावपट्टी वाढवा म्हणणं सोपं आहे. ती वाढणार आमच्या जमिनीवर, आमच्या घरांवर. आत्ताच्या धावपट्टीवर एअरबस 320 उतरते, हजला जाणारी विमानंही इथून गेलीत. मग कमी काय आहे? विमानं. आधी आहे त्या धावपट्टीवर फेऱ्या वाढवून दाखवा, मग आमच्या दारात मोजणीला या.

शेंद्र्याहून
दादा, मोबदला बाजारभावानं आणि आधी मिळालाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण 26 एप्रिल 1993 विसरू नका. मुंबईला निघालेलं विमान उडताना पलीकडच्या रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकलं, 55 माणसं गेली. धावपट्टीच्या टोकाला मोकळी जागा हवी ती यासाठीही.

मुकुंदवाडीकर
त्या दिवसाचा विषय आमच्या घरात आजही निघतो. पण तेव्हा प्रश्न रस्त्यावरच्या वाहतुकीचाही होता. विमान उडताना रस्ता बंद ठेवायला कुणाचं घर पाडावं लागत नाही.

लातूरची लेक
तुम्ही सगळे याला ‘मराठवाड्याचा विमानतळ’ म्हणता. लातूरहून चिकलठाण्याला यायला पाच तास लागतात, हैदराबादलाही जवळपास तेवढेच. मग मी हैदराबादलाच जाणार. आमच्याकडे धावपट्टी आहे, रोजचं विमान नाही. परभणीचे लोक नांदेड धरतात. संभाजीनगरच्या फेऱ्या वाढल्या म्हणजे मराठवाड्याचं भागलं, असं कृपा करून धरू नका.

जालनेकर
ताई, हे मान्य. मी जालन्याच्या अंतरावरून सगळ्यांचं बोललो. बीडकरांनाही एक सांगतो: परतीला मुंबईहून रेल्वेनं यावं म्हणून मीही रात्रीची वंदे भारत पाहत होतो, पण ती तिथून दुपारीच सुटते. आईसाठी शेवटी विमानच घेतलं, जास्त पैसे देऊन.