‘प्रायमर’ पुन्हा पाहताना नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

प्रश्न

शेन कॅरुथ यांचा ‘प्रायमर’ मी नुकताच पुन्हा पाहिला. अवघ्या ७७ मिनिटांचा, सुमारे ७,००० डॉलरमध्ये तयार झालेला आणि २००४ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा हा चित्रपट. नोकरी सांभाळून गॅरेजमध्ये प्रयोग करणाऱ्या एब आणि आरन या दोन इंजिनिअरांच्या हाती ध्यानीमनी नसताना कालप्रवासाचे यंत्र लागते, इथपर्यंतचे कथानक स्पष्ट आहे. एब आरनला गाडीतून नेऊन दुर्बिणीतून दुसरा एब दाखवतो, तेही मला समजते. पुढे मात्र, विशेषतः थॉमस ग्रेंजर (एबच्या मैत्रिणीचे वडील) वाढलेल्या दाढीनिशी रात्री रस्त्यावर दिसतो त्यानंतर, पडद्यावर कोणता एब आणि कोणता आरन आहे हे मला खात्रीने सांगता येत नाही. इंटरनेटवर या चित्रपटाच्या कालरेषांच्या आकृत्या पुष्कळ आहेत, पण त्या समोर ठेवून बसलो तर चित्रपट पाहण्याऐवजी आकृती पडताळत राहीन, असे वाटते. ज्यांनी तो बारकाईने पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे की पुढच्या वेळी कोणत्या गोष्टीचा माग ठेवावा.

पहिला प्रतिसाद

आकृती बाजूला ठेवण्याचा तुमचा विचार मला पटतो. त्याऐवजी पेटी, म्हणजे ते कालप्रवासाचे यंत्र, कशी चालते एवढे एकच नीट समजून घ्यावे, कारण कॅरुथ यांनी तो नियम एकदा सांगितल्यावर शेवटपर्यंत मोडलेला नाही, आणि पुढची सारी गुंतागुंत त्या नियमातूनच निर्माण होते.

हे यंत्र कोणालाही हव्या त्या काळात नेऊन सोडत नाही. पेटी ज्या क्षणी सुरू केली त्याच्या मागे जाता येत नाही, आणि जितके तास मागे जायचे तितकेच तास आत पडून काढावे लागतात. म्हणून दोघे सकाळी पेटी थोड्या वेळाने सुरू होईल असा टायमर लावून निघून जातात, दिवसभर हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतात, शेअर बाजार बंद झाल्यावर कोणत्या कंपनीचे भाव वाढले ते पाहतात आणि मग पेटीत शिरतात. सहा तासांनी बाहेर येतात तेव्हा पुन्हा सकाळ असते. हॉटेलात दडून राहण्याचे कारण लक्षात घ्या. त्या वेळात त्यांचीच दुसरी जोडी शहरात वावरत असते, आणि तिच्या वाटेत न येण्याची ती खबरदारी असते. टायमरही त्यासाठीच असतो, म्हणजे पेटीतून बाहेर येणारा माणूस पेटी सुरू करणाऱ्यासमोर उभा ठाकत नाही.

पूर्वार्धातल्या घड्याळाच्या प्रयोगाकडेही पुन्हा पाहावे. बाहेर एक मिनिट उलटतो तेवढ्यात आतल्या घड्याळावर १,३४७ मिनिटे जमा होतात, कारण आत ठेवलेली वस्तू त्या एका मिनिटाच्या दोन टोकांमध्ये सतत पुढे-मागे होत राहते. पेटीत वाढलेल्या बुरशीने काही दिवसांत काही वर्षांइतके प्रथिन तयार केल्याचे एबला कळते, तेही याच कारणाने. पहिल्या वेळी हे सारे तांत्रिक बडबडीसारखे कानांवरून जाते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण पात्रे एकमेकांची वाक्ये तोडत बोलतात आणि प्रेक्षकासाठी थांबून काहीही समजावत नाहीत. गणिताचे शिक्षण घेतलेल्या कॅरुथ यांना कामाच्या टेबलाभोवतीचे बोलणे जसे असते तसेच ठेवायचे होते, असे मला वाटते. अर्धवट कळणाऱ्या त्या वाक्यांतही खरी माहिती आहे, हे कळल्यावर पूर्वार्ध कंटाळवाणा वाटत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, मात्र यंत्राचा नियम कळला तरी ‘कोणता आरन?’ हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी माझा सल्ला असा की पुढच्या वेळी केवळ आरनच्या कानाकडे पाहावे.

बाकावर बसलेल्या आरनला एब भेटतो तेव्हा आरनच्या कानात इअरफोन असतो आणि तो बास्केटबॉलचा सामना ऐकत आहे, असे आपण गृहीत धरतो. उत्तरार्धात कळते की त्याने त्या दिवसांतली संभाषणे आधीच ध्वनिमुद्रित केली आहेत आणि तीच ऐकत तो आपली उत्तरे देतो. एकदा हे समजले की त्याचा प्रत्येक क्षणभराचा विराम आणि जरा जास्तच सफाईने आलेले प्रत्येक वाक्य संशयास्पद वाटू लागते. ज्या मित्राला पहिल्यांदाच सारे सांगितले जात आहे असे एबला वाटते, तो मित्र ते सारे जगून आलेला आहे, हे कळल्यावर मला त्या दृश्याची धास्ती वाटू लागली, आणि आजही वाटते.

असेच दुसरे सूत्र पोटमाळ्याचे आहे. आरनच्या घरात वरून कसलेसे आवाज येतात, त्याचा ओझरता उल्लेख होतो आणि कोणी फारसे लक्ष देत नाही. पुढे कळते की मूळ आरनला गुंगीचे औषध देऊन तिथे ठेवले आहे. तिसरे सूत्र निवेदनाचे: सुरुवातीपासून फोनवर बोलणारा आवाज आरनचाच आहे, पण ज्या आरनला आपण एबसोबत पाहतो तो हा नव्हे, म्हणूनच तो त्या दोघांचा उल्लेख परक्यासारखा करतो.

एबने कोणालाही न सांगता एक राखीव पेटी अखंड चालू ठेवली होती, जेणेकरून काही बिघडल्यास अगदी आरंभाशी परत जाता यावे. आरनला तिचा पत्ता लागतो. या पेट्यांची घडी घालता येते, त्यामुळे तो एक पेटी सोबत घेऊन मागे जातो, आणि अखेर एब परततो तेव्हा आरन त्याच्या आधी तिथे पोहोचलेला असतो. मैत्रीचा खरा भंग मला इथे दिसतो, विमानतळावरच्या भांडणात नव्हे. एबने पेटी लपवली आणि आरनने ती शोधूनही लपवले. दोघांपैकी एकानेही विचारले असते तर पुढची घसरण टळली असती.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. इअरफोनचा धागा माझ्या हातून पूर्णपणे निसटला होता. तरीही ग्रेंजरचे काय? तो पेटीपर्यंत पोहोचला कसा आणि कोणी त्याला सांगितले, याचे उत्तर चित्रपटात कुठे दडलेले आहे का?

तिसरा प्रतिसाद

माझ्या मते ते उत्तर चित्रपटात नाही, आणि ते नसणे हेतुपुरस्सर आहे. संध्याकाळी गुळगुळीत दाढीने दिसलेला माणूस त्याच रात्री कित्येक दिवसांची दाढी घेऊन गाडीत बसलेला असतो, घरी फोन केल्यावर तोच ग्रेंजर तिथेही असल्याचे कळते, पाठलाग होताच तो कोसळतो आणि त्यानंतर शुद्धीवर येत नाही. एवढ्या खुणांवरून तो पेटीतून आला आहे हे सिद्ध होते. मात्र त्याला तिथवर कोणी नेले ते एब किंवा आरन यांनी पुढे केव्हातरी केलेल्या, आणि मग पुसल्या गेलेल्या, एखाद्या कृतीत आहे. ती कृती आता त्यांच्याही आठवणीत नाही. आकृत्या काढणारे इथे तुटक रेषा ओढून पोकळी भरतात, ते मला मान्य नाही.

त्या प्रसंगाचा परिणाम पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. तोवर दोघांना खात्री असते की आपण सावध आहोत, हॉटेलात लपतो, कोणाच्या वाटेत येत नाही. ग्रेंजर दिसताच ती खात्री संपते आणि एब राखीव पेटीकडे वळतो. याआधी आरन मोबाइल घेऊन पेटीत गेल्याने निर्माण झालेला प्रश्न, म्हणजे एकाच क्रमांकाचे दोन फोन असताना घंटी कोणाची वाजेल, हा त्याच दिशेने जाणारा पहिला इशारा आहे. त्याच सुमारास आरनच्या कानातून रक्त येते आणि दोघांना पूर्वीसारखे सरळ लिहिता येत नाही. या शारीरिक खुणांची क्रमवार नोंद ठेवली, तर कोण किती वेळा पेटीतून गेला आहे याचा अंदाज आकृतीविनाही बांधता येतो, आणि मग शेवटी परदेशात फ्रेंच बोलणाऱ्या कामगारांकडून गोदामाएवढी पेटी बांधून घेणारा आरन कोणता, हे स्वतःच ठरवता येते.