मदत हवी आहे : आईच्या खांद्याची हाताने नीट तपासणी कोठे होईल?

सर्वांना नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातील असून, माझ्या ६२ वर्षांच्या आईचा उजवा खांदा भाताच्या लावणीनंतर चार महिने दुखत आहे आणि तिला मधुमेहही आहे. एका दवाखान्यात खांद्याला हातही न लावता एक्स-रे काढला. तो सामान्य आल्यावर आता एमआरआय सुचवला आहे.

माझ्या वाचनानुसार, रुग्णाने स्वतः हात उचलणे आणि डॉक्टरांनी तो उचलून पाहणे यांतील फरक फार महत्त्वाचा असतो : दोन्ही वेळा हात अडत असेल, विशेषतः कोपर अंगालगत ठेवून हात बाहेर वळत नसेल, तर सांधा आखडल्याची (फ्रोझन शोल्डर) शंका येते, आणि मधुमेहात हा विकार अधिक आढळतो, पण स्वतः हात उचलता येत नसून दुसऱ्याने उचलल्यास तो वर जात असेल, तर स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) फाटल्याचा संशय घेतात. आईचा हात दोन्ही वेळा अडतो, मात्र माझी पाहणी जाणकाराची नव्हे.

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी परिसरात अशी तपासणी शांतपणे करणारे अस्थिरोगतज्ज्ञ अथवा फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहेत का? आईला कन्नड येत नाही, आणि ठणका, कळ, अवघडणे यांतील भेद ती मराठीतच सांगू शकते. एमआरआय तोवर थांबवावा का, हेही कृपया जाणकारांनी सांगावे.