शिक्षक आणि मुख्याध्यापकांना परवाना सक्तीचा करावा का?

नदीकाठ

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी व्यावसायिक मानकं ठरवण्याची तरतूद आहे. कोणत्या टप्प्यावरच्या शिक्षकाला काय यायला हवं, हे ठरवून पगारवाढ आणि बढती त्याच्याशी जोडायची. शिवाय शिक्षकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण, आणि तेवढंच मुख्याध्यापकांनाही.

माझ्या मते एवढ्यावर थांबू नये, सरळ परवाना आणावा. सनदेशिवाय वकिली करता येत नाही, नोंदणीशिवाय डॉक्टरकी करता येत नाही. मुलांची घडायची वर्षं ज्यांच्या हातात देतो, त्यांची मात्र नोकरीत शिरताना एकदाच परीक्षा होते. टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, प्रमाणपत्र आधी सात वर्षं चालायचं, २०२१ पासून ते आजन्म झालं. मला हवा आहे तो परवाना वर्गात बसून, शिकवणं बघून दिलेला आणि ठरावीक वर्षांनी नव्याने घ्यावा लागणारा. मुख्याध्यापकांचा वेगळा असावा. खासगी अनुदानित शाळांत आजही मुख्याध्यापक होतो तो सेवाज्येष्ठतेने. शाळा चालवायला काय लागतं, ते कुणी शिकवत नाही आणि तपासतही नाही.

खडूफळा

तीव्र विरोध. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, नेमणूक टीईटी येण्याआधीची. ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने आम्हाला सूट दिली होती. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाच वर्षांहून जास्त सेवा उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. पाचपेक्षा कमी उरलेल्यांना सूट आहे, पण टीईटीशिवाय बढती नाही. आज शिक्षकांच्या खोलीत काय बोललं जातं ते ऐका. चौथीच्या मुलाला भागाकार का येत नाही यावर बोलायची वेळ सराव प्रश्नसंच सोडवण्यात जाते आहे. त्यावर तुम्ही दर काही वर्षांनी आणखी एक टांगती तलवार आणणार?

आणि परीक्षा घेणाऱ्यांचं काय? २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं, साडेसात हजारांवर उमेदवार अपात्र ठरले आणि परीक्षा परिषदेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक झाली. परवाना देणारी खिडकी जितक्या वेळा उघडेल, तितक्या वेळा तिथे कुणीतरी हात पुढे करून बसेल.

अनघा_बीएड

खडूफळा, तुमचा राग समजतो, पण दुसरी बाजूही बघा. मी शिक्षणशास्त्र महाविद्यालयात शिकवते. न्या. वर्मा आयोगाने २०१२ मध्येच सांगितलं होतं की दहा हजारांवर स्वतंत्र संस्थांपैकी बहुतेक शिक्षक घडवायचा गंभीर प्रयत्नसुद्धा करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या देतात. हे वाक्य धोरणानेच उद्धृत केलं आहे. हजेरी न लावता बीएड झालेली मुलं मी बघितली आहेत. त्यांची सरावपाठाची वही दुसऱ्याने लिहिलेली असते. पदवीवर भरवसा उरला नसेल तर चाळणी कुठेतरी लावावीच लागेल. १५० बहुपर्यायी प्रश्नांची टीईटी त्यासाठी अपुरी आहे, यावर आपलं एकमत आहे. म्हणूनच नदीकाठ यांचं वर्गात बसून बघणं मला पटतं.

शिवराज

मग पदव्या विकणाऱ्या संस्था बंद करा. त्यांची मान्यता चालू ठेवायची आणि तिथून बाहेर पडलेल्यांना आयुष्यभर तपासत राहायचं, हा कुठला न्याय?

नव्याने परवाना घेण्याचा प्रयोग जपानने करून पाहिला आहे. २००९ पासून तिथे दर दहा वर्षांनी ३० तासांची व्याख्यानं ऐकून परवाना नवा करावा लागे, तोही सुट्टीत आणि स्वतःच्या खर्चाने. काहींचा परवाना संपला, निवृत्त शिक्षकांना बदली म्हणून बोलावणं अवघड झालं. शिक्षकांचा तुटवडा वाढत गेला आणि २०२२ मध्ये ती पद्धत रद्द झाली. आपल्याकडे तर भरतीच वर्षानुवर्षं रखडते.

नदीकाठ

शिवराज, जपानचं उदाहरण चांगलं दिलंत. पण तिथे चुकलं ते व्याख्यानं ऐकून शिक्का मारण्यात, आणि त्याचा भार शिक्षकावर टाकण्यात. तास शाळेच्या वेळेत आणि सरकारच्या खर्चाने झाले, तर?

खडूफळा

शाळेच्या वेळेत? ती आहे कुठे आमच्याकडे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरणं, आणि रोज कुठल्यातरी ॲपवर फोटो चढवणं आहेच.

मीनाक्षी

मुख्याध्यापकांबद्दल कुणी बोलतच नाहीये. परवाना द्यायचा कुणाला? १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती पदं द्यायची हे ठरवणाऱ्या, शासन निर्णयाने मुख्याध्यापकाचं पद मिळायला १५० पट लागतो. वाडीवस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेत पदच नाही. दोघांपैकी एकाकडे प्रभार, तो दोन-तीन इयत्तांना एकत्र शिकवतो, टपाल बघतो आणि पंचायत समितीच्या बैठकीलाही जातो. तो बैठकीला गेला की सगळी शाळा दुसऱ्या शिक्षकाच्या अंगावर. नेतृत्वाची सर्वांत जास्त गरज इथे आहे, आणि परवान्याची योजना नेमकी या शाळांना वगळणार. माझा परवान्याला विरोध नाही, पण आधी पदं द्या.

अनघा_बीएड

मीनाक्षीताईंशी पूर्ण सहमत. प्रभारी शिक्षकालाही नेतृत्वाचे ५० तास मिळाले पाहिजेत, आणि प्रभाराचा भत्ताही.

माझा एक प्रस्ताव आहे. परवाना शिक्षण खात्याच्या हाती नकोच. स्कॉटलंडमध्ये १९६५ पासून शिक्षकांची स्वतंत्र परिषद नोंदणी बघते. तिच्यात निवडून आलेले शिक्षक असतात. नव्याला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, त्या काळात शाळेतला अनुभवी सहकारी त्याचे तास बघतो, मग नोंदणी पक्की होते. आपल्याकडे प्राथमिक शाळेतल्या नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १६,००० रुपयांच्या मानधनावर निघून जातात. तो काळ हात धरून शिकवण्यासाठी का वापरू नये?

खडूफळा

नव्यांसाठी असं काही असेल तर मी विरोध करणार नाही. मी लागलो तेव्हा माझ्या वर्गात येऊन बसणारं कुणीच नव्हतं, आणि त्याची झळ माझ्या पहिल्या तुकडीला बसली. पण जुन्यांची नोकरी त्याला जोडू नका. आणि वर्ग बघणार कोण? आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांची किती पदं रिकामी आहेत? जे आहेत ते माहिती गोळा करण्यातच गुंतलेले.

नदीकाठ

जुन्यांना पूर्ण वगळणं मला मान्य नाही. ज्याची वीस वर्षं सेवा उरली आहे, त्याच्यासमोर अजून वीस तुकड्या बसणार आहेत. नोकरी जाऊ नये, हे कबूल. पण वर्ग बघितल्यावर तो कमी पडतो असं दिसलं तर पुढे काय करायचं, याचं उत्तर तुमच्याकडूनच हवं आहे.

खडूफळा

त्याला वर्षभर चांगल्या शाळेत, चांगल्या शिक्षकासोबत ठेवा. त्याच्या वर्गावर तेवढा काळ बदली शिक्षक द्या. ही सोय लेखी द्या, मग परवान्याबद्दल बोलू.